ग्रॅव्हिटॉन आणि फोटॉनची तुलना कशी करायची

आधी हे पक्कं लक्षात ठेवा, फोटॉन म्हणजे प्रकाशाचा आणि विद्युतचुंबकीय बल वाहणारा कण, तो लॅबमध्ये एकेक करून मोजता येतो; ग्रॅव्हिटॉन म्हणजे गुरुत्व वाहणारा कण, तो अजून फक्त थिअरीत आहे. वस्तुमान आणि वेगावर फार वेळ घालवू नका, दोघंही वस्तुमानशून्य, वेग प्रकाशाचाच. 17 ऑगस्ट 2017 ला सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एकाच घटनेतून आलेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण (म्हणजे फोटॉनच) यांच्या पोहोचण्यात जेमतेम 1.7 सेकंदांचा फरक होता, म्हणजे वेग सारखाच. खरी मजा स्पिनमध्ये, म्हणजे कणाच्या अंगभूत फिरकीत आहे! फोटॉनचा 1, ग्रॅव्हिटॉनचा 2, म्हणूनच सारखे चार्ज एकमेकांना ढकलतात पण गुरुत्व सगळ्यांना ओढतंच. मग बघा कोण कशावर काम करतो, फोटॉन फक्त चार्जवर आणि त्याला स्वतःला चार्जच नाही, ग्रॅव्हिटॉन मात्र ऊर्जा असलेल्या प्रत्येकावर, म्हणजे दुसऱ्या ग्रॅव्हिटॉनवरही, आणि गणित तिथेच हाताबाहेर जातं.