बेंझॉइक आम्लाचे सरकणारे शिखर कसे स्थिरावले

शीतपेयातील कॅफीन आणि बेंझॉइक आम्ल सी-१८ कॉलमवर (द्रव क्रोमॅटोग्राफीत घटक वेगळे करणाऱ्या भरलेल्या नळीवर) वेगळे करताना माझ्यासमोर एक विचित्र अडचण उभी राहिली: कॅफीनचे शिखर (घटक कॉलममधून बाहेर पडताना आलेखावर उमटणारा उंचवटा) ठरल्या वेळी येई, पण बेंझॉइक आम्लाचे शिखर कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाच्या प्रत्येक नव्या बाटलीगणिक पुढेमागे सरके. पंपाचा प्रवाह किंवा तापमान बिघडले असते, तर दोन्ही शिखरे हलली असती. म्हणून मी यंत्राऐवजी रसायनाकडे वळलो.

या पद्धतीत सिलिकाच्या कणांना १८ कार्बनच्या साखळ्या जोडलेल्या असतात, आणि पाणी व मिथेनॉलच्या मिश्रणातून जाताना जो रेणू पाण्यापासून जितका दूर राहू पाहतो, तितका तो त्या साखळ्यांपाशी अधिक काळ रेंगाळतो. बेंझॉइक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला, म्हणजे आम्लतेच्या मापाला, त्याचे निम्मे रेणू भारित असतात) सुमारे ४.२ आहे, आणि हाती आलेल्या पद्धतीतील जलीय द्रावणाचा पीएच नेमका त्याच्याच आसपास होता. तिथे पीएच केवळ ०.१ ने वाढला, तरी भारित रेणूंचे प्रमाण ५० वरून सुमारे ५६ टक्क्यांवर जाते, आणि भारित रेणू कॉलमवर फारसे थांबत नाहीत. कॅफीन या टप्प्यात उदासीनच, म्हणजे अभारितच, राहते.

मी फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) वापरून, मिथेनॉल मिसळण्यापूर्वीच, पीएच २.७ वर आणला. त्याहून फार खाली जाणे मला योग्य वाटले नाही, कारण साधारण २ च्या खाली सिलिकावरील साखळ्या तुटू लागतात. आता बहुतेक आम्ल अभारित राहिल्याने शिखर उशिरा, परंतु स्थिर वेळी येऊ लागले. मिथेनॉल थोडे वाढवल्यावर विश्लेषणाचा वेळही आटोक्यात आला.