जायफळ, डिकॅफ आणि थोडी रम: रात्रीची कॉफी कॉकटेल्स घरी कशी करायची

कॉफी आणि दारू दोन्ही आवडणाऱ्या माणसाची पंचाईत पार्टीत कळत नाही, ती रात्री अडीचला कळते. जेवणं झालीत, गप्पा रंगल्यात, कोणीतरी हौसेने एस्प्रेसो मार्टिनी, म्हणजे व्होडका आणि कॉफीचं कॉकटेल, केली, आपण दोन रिचवल्या, आणि आता पलंगावर पडून पंख्याकडे बघतोय, डोकं जड आणि डोळे टक्क उघडे. कॅफिन अंगातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं अर्धं कॅफिन पहाटे तीनला तुमच्याबरोबर जागंच असतं. चाळिशी ओलांडल्यावर तर मला संध्याकाळची सहाची कॉफीपण चालेनाशी झाली.

म्हणून आता घरी बसायचं ठरलं की मी डिकॅफच वापरतो. मित्रांनी आधी भरपूर खेचली, बिनकॅफिनची कॉफी म्हणजे बिनमिठाची भाजी वगैरे, पण न सांगता दिली तेव्हा एकालाही कळलं नाही, उलट दुसरी मागितली. तरी एक गोष्ट आधीच सांगतो कारण सगळं तिच्यावरच आहे: डिकॅफ नेहमीच्या कॉफीसारखी पातळ करून वापरली की कॉकटेल हमखास फसतं. कॅफिन स्वतः कडू असतं, कॉफीच्या कडूपणातला थोडा वाटा त्याचा, ते काढलं की चव जरा बोथट होते, आणि वर बर्फ, साखर आणि दारू पडली की मागे उरतं तपकिरी गोड पाणी. त्यामुळे डिकॅफ कडक करायची, अगदी नुसती प्यायला नको वाटेल इतकी कडक.

आता कॉफी कुठली घ्यायची. सगळ्यात सोपी म्हणजे इन्स्टंट डिकॅफ, ऑनलाइन मिळते, मोठ्या सुपरमार्केटमध्येपण असते. बिया किंवा पावडर घेणार असाल तर थोडी थोडी आणा कारण डिकॅफ लवकर शिळी होते, कॅफिन काढताना दाणा आधी भिजतो, मग सुकतो, मग भाजला जातो, त्यात तो बिचारा ठिसूळ होतो. कॅफिन काढायच्या पद्धती बऱ्याच आहेत, कुठे पाणी आणि कोळशाचा फिल्टर, कुठे दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड, कुठे इथाइल अॅसिटेट नावाचं द्रावण. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत ब्रेमेनच्या लुडविग रोझेलिअसने हा धंदा सुरू केला तेव्हा तो चक्क बेंझिन हे विषारी रसायन वापरायचा, ते आता कोणी वापरत नाही, घाबरू नका. पाकिटावर पद्धत लिहिलेली असेल तर मी इथाइल अॅसिटेटवाली उचलतो, तिला फळासारखा वास राहतो आणि तो रमबरोबर छान जातो.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा, चिकोरी. चिकोरीच्या मुळात कॅफिन नसतं हे खरं, पण म्हणून चिकोरी मिक्स फिल्टर कॉफी डिकॅफ होत नाही, सत्तर-तीसच्या पाकिटात सत्तर टक्के साधी कॉफीच असते. आमच्या धाकट्या भावजींनी असंच एक पाकीट डिकॅफ म्हणून मोठ्या कौतुकाने आणलं होतं, त्या रात्री आम्ही सगळे तीनपर्यंत पत्ते खेळत होतो. उलट चमचाभर नुसती चिकोरी डिकॅफमध्ये मिसळली तर तो बोथटपणा बराच भरून निघतो, रंग येतो, दाटपणा येतो. मला तर आता तिच्याशिवाय करवत नाही.

बेस असा करायचा. इन्स्टंट असेल तर दोन चमचे शिगोशीग पावडर आणि ४० मिली गरम पाणी, बस, यापेक्षा जास्त पाणी नाही. पावडर असेल तर साउथ इंडियन फिल्टर काढा, वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे डिकॅफ आणि हवी असेल तर अर्धा चमचा चिकोरी, हलक्या हाताने दाबा, १०० मिली उकळतं पाणी ओता आणि विसरून जा, वीस-पंचवीस मिनिटांत खाली साठ-सत्तर मिली डिकॉक्शन जमतं, उरलेलं पाणी पावडर पिऊन टाकते. फिल्टर नसेल तर भरड डिकॅफ थंड पाण्यात, एकाला आठ या मापाने, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी फडक्यातून गाळा, तेही चालतं पण ते मऊ लागतं, टॉनिक वॉटरबरोबर बरं, दुधासायीबरोबर नाही.

दुसरी तयारी गुळाच्या पाकाची. १०० ग्रॅम गूळ, १०० मिली पाणी, मंद आचेवर विरघळवा, एक उकळी, आणि गाळा, गाळायला विसरू नका, गुळात कचकच असते आणि ती शेवटच्या घोटाला दाताखाली येते. गरम असतानाच त्यात जायफळ किसा, दोन-तीन वेलदोडे ठेचून टाका. आपल्याकडे कॉफीत जायफळ घालायची पद्धत आहेच, माझी आजी कॉफी म्हणजे जायफळवालीच समजायची, पाहुणे आले की सहाणेवर जायफळ उगाळायचा आवाज आधी यायचा आणि कॉफीचा वास नंतर, आणि जायफळाने झोप छान लागते असं तिचं ठाम मत. मग त्याच कपात झोप उडवणारी कॉफी कशी काय, हे तिला विचारायची कोणाची टाप नव्हती. डिकॅफने तो प्रश्न आता सुटला म्हणायचा.

आता पहिलं कॉकटेल, एस्प्रेसो मार्टिनी. हे १९८० च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल नावाच्या बारटेंडरने काढलं, पुढे त्यानेच त्याच्या एका प्रकाराला फार्मास्युटिकल स्टिम्युलंट असं नाव दिलं होतं, म्हणजे बघा, जागं करण्यासाठीच जन्माला आलेलं ड्रिंक आपण झोपेसाठी वापरतोय. माप: ४५ मिली व्होडका, ३० मिली गार झालेली कडक डिकॅफ, १५ मिली पाक, आणि चिमटीभर मीठ. मीठ वगळू नका, खारट लागत नाही पण चव उठते. शेकर नसला तर घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या, अर्ध्याहून जास्त बर्फ भरा, हात दुखेपर्यंत हलवा, पंधरा-वीस सेकंद तरी, आणि चहाच्या गाळणीतून ग्लासात. ग्लास आधीच फ्रीजरमध्ये टाकून ठेवलेला असेल तर फार फरक पडतो.

कॉफी गार झालेली पाहिजे हे मी उगाच नाही लिहिलं. पहिल्यांदा केलं तेव्हा घाई होती, वाफाळती डिकॅफ तशीच बरणीत ओतली, झाकण लावलं, दोनदा हलवलं आणि झाकण उडून थेट फ्रिजवर, भिंतीवरचे डाग पुढच्या दिवाळीच्या रंगकामापर्यंत होते. गरम पातळ पदार्थाने आतली हवा फुगते आणि झाकण ढकलते, थंड असेल तर उलट झाकण आत ओढलं जातं. वर बर्फपण सगळा वितळतो आणि ड्रिंक पाणचट होतं.

फेस. मार्टिनीवर तो जाड फेस नसेल तर लोकांना ड्रिंक अर्धवट वाटतं, आणि फिल्टरच्या किंवा जुन्या डिकॅफला फेस कमी येतो. यावर आपला घरगुती उपाय आहे, फेटलेली कॉफी. एक चमचा इन्स्टंट डिकॅफ, एक चमचा साखर, अर्धा चमचा पाणी, वाटीत घेऊन चमच्याने घोटत बसा, पाचेक मिनिटांत रंग फिका होतो आणि लोण्यासारखं होतं, कॅफिन नसलं तरी फेटली जाते कारण फेसाचं काम कॅफिन करतच नाही. यातला छोटा चमचाभर बरणीत टाकून मग हलवा. हे काम मुलांना लावून देऊ नका मात्र, विचारतात कशाला पाहिजे म्हणून.

दुसरं आणि माझं सगळ्यात आवडतं, गरम, थंडीतलं किंवा जुलैच्या पावसातलं. आयरिश कॉफीचा आपला भाऊ समजा. मूळ आयरिश कॉफी १९४० च्या दशकात आयर्लंडच्या फॉइन्स इथल्या विमानतळावर जो शेरिडन नावाच्या शेफने गारठलेल्या प्रवाशांसाठी केली, व्हिस्की, साखर, कॉफी आणि वर साय. मी व्हिस्कीच्या जागी ओल्ड मंक रम घालतो, तिच्यात व्हॅनिला आणि जळक्या साखरेसारखा वास आधीच असतो आणि तो कॉफीला चिकटतो. जाड काचेचा कप गरम पाण्याने विसळून घ्या, त्यात ४५ मिली रम, १५ मिली जायफळाचा पाक, आणि १२० मिली गरम डिकॅफ, ही मात्र डिकॉक्शनइतकी कडक नको, डिकॉक्शनमध्ये तेवढंच गरम पाणी घाला. गॅस बंद करून मगच रम ओता, पातेल्यात कॉफीबरोबर रम उकळू नका. दारू ७८ डिग्रीलाच उकळायला लागते, चव उडते आणि गॅसच्या ज्योतीजवळ वाफा पेट घेऊ शकतात, हा विनोद नाही.

वरच्या सायीचं थोडं सविस्तर सांगतो कारण इथेच सगळ्यांचं बुडतं, शब्दशः. डब्यातलं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं, ते कितीही फेटा, घट्ट फुगत नाही, त्यासाठी तिशीच्या वर फॅट लागतं. पण आपल्याला केकवरचं क्रीम नकोच आहे, ओतता येईल इतपत दाट हवंय. डबा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, हलवू नका, वरचा दाट भाग तेवढा काढा, किंवा घरच्या दुधाची जाड साय दोन चमचे दूध घालून हलकेच घोटून घ्या, दाणेदार व्हायच्या आत थांबा नाहीतर लोणी होईल. मग चमचा उलटा धरायचा, कॉफीला टेकवायचा आणि त्याच्या पाठीवरून साय हळूहळू सोडायची. आणि कॉफीत गूळ नीट विरघळलेला पाहिजे, गोड कॉफी जड असते म्हणून साय वर तरंगते, बिनसाखरेच्या कॉफीत ती खाली जाते आणि तुम्हाला दारूवाली दूधकॉफी मिळते. वरून किंचित जायफळ किसा. ढवळायचं नाही, सायीतूनच प्यायचं.

घरचं कॉफी लिकरपण, म्हणजे कॉफीच्या स्वादाची गोड दारूपण, सांगून टाकतो, कारण विकतच्या लिकरमध्ये खरी कॉफी असते, म्हणजे थोडं कॅफिन आलंच. रमची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, बरणीत ओता, त्यात २० ग्रॅम भरड डिकॅफ, झाकण लावून बारा तास. दोन दिवस ठेवू नका, मी ठेवली होती, औषधी काढा झाला. फडक्यातून गाळा, पावडर तीस-चाळीस मिली पिऊन टाकते, दुःख करू नका. मग ७० मिली गुळाचा पाक मिसळा. हे गोड लागतं म्हणून लोक शरबतासारखं ओढतात, पण आपली रम ४२.८ टक्क्यांची असते आणि हिशेब केला तर हे तयार लिकर २८ टक्क्यांच्या आसपास येतं, बाजारातल्या बऱ्याच कॉफी लिकरपेक्षा कडक. थर्टीच्या मापानेच द्या.

गोव्याची फेणी आणली असेल तर? काजू फेणीचा वास इतका दांडगा की कॉफी तिच्यापुढे मान खाली घालते, त्यामुळे ती ३० मिलीच्या वर नको. उंच ग्लासात बर्फ, फेणी, १०० मिली टॉनिक वॉटर, आणि शेवटी ४० मिली गार डिकॅफ हळूच वरून, जोरात ओतलीत तर फसफसून टेबलावर. संत्र्याचं साल पिळा, लिंबू नको, लिंबू आणि कॉफी मला आंबलेलं लागतं. उर्राक, म्हणजे काजूचीच पण फेणीपेक्षा हलकी दारू, मात्र यात वाया घालवू नका, ती उन्हाळ्यापुरती येते, तिला लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली मिरचीच शोभते. आणि कोलात कॅफिन असतं, तेव्हा डिकॅफ रममध्ये कोला ओतून झोपेची वाट बघणाऱ्याला काय म्हणायचं.

पिण्याबद्दल दोन गोष्टी, मग सोडतो. कॅफिन दारू उतरवत नाही, फक्त चढलीय हे कळू देत नाही, अमेरिकेत २०१० साली कॅफिन घातलेल्या दारूच्या कॅनवाल्या चार कंपन्यांना सरकारी नोटिसा गेल्या त्या याच काळजीतून. डिकॅफमध्ये ते आवरण नसतं, दुसऱ्या ग्लासानंतर जेवढी चढलीय तेवढी चढलेली जाणवते, आणि मला तरी हे बरं वाटतं, चावी वेळेत दुसऱ्याकडे जाते. पण डिकॅफ म्हणजे निर्धास्त असं नाही, कपात दोन-चार ते सातेक मिलिग्रॅम कॅफिन राहतंच, अॅसिडिटीवाल्यांना कॉफी ती कॉफीच, गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर प्रश्न दारूचा आहे, कॅफिनचा नाही. शिवाय दारूने झोप पटकन लागते पण पहाटे मोडते, त्यावर डिकॅफकडे उपाय नाही, दोन ग्लासांवर थांबणं आणि मध्ये पाणी पिणं एवढंच. महाराष्ट्रात रम-व्होडकासाठी वय २५ पूर्ण लागतं, त्यामुळे कॉलेजातल्या पुतण्याला फेस घोटायलाही बोलावू नका, त्याला चकण्याच्या दाण्यांवर पाठवा.

आणि डिकॉक्शन उरलं तर ओतून देऊ नका, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. पुढच्या वेळी साध्या बर्फाऐवजी हेच तुकडे ग्लासात टाकले की वितळले तरी ड्रिंक पाणचट होत नाही, फक्त ट्रेवर चिठ्ठी लावा, आमच्याकडे वहिनींनी ते चिंचेचा कोळ समजून आमटीत टाकले होते.