नाताळचे ताट: विदर्भातल्या गावघरातील जुन्या पाककृती

विदर्भातल्या खेड्यांत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे नाताळचे ताट शेतशिवारातून येते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या स्वस्त झालेल्या असतात आणि नवा गूळ यायला लागलेला असतो. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि पुढच्या काळात या भागात ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, तरी त्या घरांतली चूल मराठीच राहिली. शेजारी दिवाळीला जे अनारसे आणि करंज्या करतात, तेच पदार्थ या घरांत नाताळला होतात आणि त्यांच्या शेजारी केक येऊन बसतो.

या पाककृती आता घराघरांतून निसटत आहेत, याचे मुख्य कारण असे की त्यांची मापे वडीलधाऱ्या बायांच्या हातात होती आणि कोणते काम कोणत्या दिवशी सुरू करायचे याचा हिशेब त्यांच्या डोक्यात होता. मापे आज कोणीही वजन करून लिहून ठेवू शकते, परंतु दिवसांचा हिशेब चुकला तर उत्तम मापही कामाला येत नाही. म्हणून पुढे प्रत्येक पदार्थासोबत तारीख दिली आहे. ती पाळावी, असा माझा आग्रह आहे.

पहिले काम अनारशांचे, आणि ते १२ डिसेंबरच्या सुमारास सुरू व्हावे. अर्धा किलो जुना जाड तांदूळ धुऊन तीन दिवस पाण्यात भिजवावा व पाणी रोज बदलावे. पाणी न बदलल्यास तांदळाला येणारा आंबूस वास तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी तांदूळ निथळून सुती कापडावर सावलीत पसरावा. तो पूर्ण वाळू द्यायचा नाही. मुठीत धरल्यावर हाताला किंचित ओल जाणवली पाहिजे, पण दाणे तळव्याला चिकटता कामा नयेत. या टप्प्यावर तो कुटून किंवा दळून बारीक चाळणीने चाळावा. पिठाचे वजन करावे आणि दर अर्ध्या किलो पिठाला ३५० ते ४०० ग्रॅम किसलेला गूळ व एक मोठा चमचा तूप घालून, पाण्याचा थेंबही न लावता, घट्ट मळावे. गोळे करून डब्यात दाबून झाकण लावावे.

दिवाळीच्या दिवसांत हे पीठ चार-पाच दिवसांत तयार होते. नाताळच्या थंडीत त्याला सहा-सात दिवस लागतात, आणि दिवाळीची कृती जशीच्या तशी वापरणाऱ्यांचे अनारसे बहुधा इथेच बिघडतात. डबा चुलीच्या उबेजवळ ठेवावा, मात्र धगीजवळ ठेवू नये. २२ तारखेला पीठ पुन्हा मळून सुपारीएवढी गोळी घ्यावी, खसखशीवर थापावी आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवरच्या तुपात सोडावी. अनारसा उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहावे म्हणजे जाळी पडते. बदामी रंग आला की काढून, तूप निथळण्यासाठी चाळणीत उभा ठेवावा. पहिला अनारसा एकटाच सोडून पाहावा. तो तुपात हसला, म्हणजे पसरून विरघळू लागला, तर उरलेल्या पिठात थोडे कोरडे तांदळाचे पीठ मळावे. उलट तो कडक आणि बिनजाळीचा झाला तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून घालावा.

करंज्यांविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण त्या बहुतेक घरांत अजून होतात. त्या २० किंवा २१ तारखेला कराव्यात, आणि सुक्या खोबऱ्याच्या सारणात मेळघाट किंवा गडचिरोलीकडच्या जंगलातली चारोळी मिळाली तर मूठभर अवश्य घालावी. तिच्या चवीची बरोबरी काजूने होत नाही.

केक २३ तारखेला करावा म्हणजे दोन दिवसांत तो मुरतो. ओव्हन नसलेल्या घरात तो जाड बुडाच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, रेतीवर भाजला जातो, आणि माझ्या मते संत्र्याच्या केकला ही मंद, चहूबाजूंची उष्णता चांगलीच मानवते. आदल्या रात्री किशमिश, बिया काढलेला खजूर आणि चारोळी मिळून २०० ग्रॅम सुकामेवा अर्धी वाटी संत्र्याच्या रसात भिजवावा. दुसऱ्या दिवशी १५० ग्रॅम लोणी आणि २०० ग्रॅम पिठीसाखर एकाच दिशेने इतके फेटावे की मिश्रण पांढरट व हलके होईल. नंतर एकेक करून तीन अंडी घालावीत. गावरान अंडी लहान असतात, म्हणून ती चार घ्यावीत. दोन संत्र्यांची वरची केशरी साल सोलण्याआधीच किसणीवर अलगद किसून घ्यावी, कारण नागपुरी संत्र्याची साल सैल असते व सोलल्यावर तिचा कीस नीट निघत नाही. खालचा पांढरा भाग किसात आला की केक कडवट होतो. २५० ग्रॅम मैद्यात दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ चाळून घ्यावे. हा मैदा आणि अर्धी वाटी ताजा रस आळीपाळीने, थोडाथोडा मिसळावा; रस एकदम ओतल्यास मिश्रण फाटते. मेवा निथळून, त्यावर चमचाभर मैदा भुरभुरून सर्वांत शेवटी घातला की तो तळाशी बसत नाही.

गंजात दोन बोटे जाडीचा कोरड्या रेतीचा थर द्यावा, त्यावर लोखंडी कडे ठेवावे व झाकण लावून पंधरा मिनिटे तापवावे. तूप लावून कागद घातलेला डबा मिश्रणाने दोन तृतीयांश भरून कड्यावर ठेवावा. आता खालची आच कमी करून झाकणावर बाभळीचे निखारे पसरावेत. बाभळीचा निखारा लवकर विझत नाही. खाली कमी आणि वर जास्त, हे प्रमाण राखले तर तळ जळत नाही आणि माथ्याला रंग येतो. पहिली चाळीस मिनिटे झाकण मुळीच उघडू नये. तासाभराच्या आसपास बारीक काडी मधोमध खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली की डबा बाहेर काढावा आणि केक पूर्ण थंड झाल्याशिवाय कापू नये.

नाताळच्या दुपारच्या जेवणाचा मान सांबारवडीला आहे. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे इथल्या वाचकाला ठाऊकच आहे. तो अर्धा किलो, २४ तारखेच्या सकाळी धुऊन संध्याकाळपर्यंत कापडावर पसरावा. ओल्या सांबाराची वडी तेलात फुटते, त्यामुळे या वाळवण्यात घाई करू नये. १०० ग्रॅम सुके खोबरे किसून भाजावे, दोन-दोन मोठे चमचे खसखस आणि तीळ भाजावेत, आले, लसूण व हिरव्या मिरचीचे वाटण तेलात परतावे, त्यात चारोळी आणि घरचा काळा मसाला घालून गॅसवरून उतरवावे व बारीक चिरलेला सांबार कोमट मिश्रणात मिसळावा. मीठ आणि लिंबू अगदी वडी भरण्याच्या वेळी घालावे, कारण मीठ लागताच सांबाराला पाणी सुटते. वरच्या आवरणासाठी दोन वाट्या बेसन, एक वाटी कणीक, हळद, तिखट, मीठ आणि तीन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालून पीठ घट्ट भिजवावे. पुरी लाटून तिला चिंच-गुळाच्या कोळात कालवलेला मसाला हलका पुसावा, मधोमध सारण ठेवून पुडी बांधावी आणि मध्यम आचेवर सावकाश तळावी. सोबत ताकाची कढी हवी. चटणीवर ही वडी खाऊ घालणे मला अपुरे वाटते.

उपासनेहून परतल्यावर गरम करायचे ते फक्त सोले भात आणि कोंबडीचा रस्सा. सोले, म्हणजे तुरीचे हिरवे दाणे, दीड वाटी घ्यावेत आणि जिरे, लसूण, हिरवी मिरची व हळदीच्या फोडणीत परतून दोन वाट्या तांदळासोबत शिजवावेत. दाणे आदल्या दिवशी सोलून ठेवता येतात. गावरान कोंबडी शिजायला तासाहून अधिक वेळ लागतो, म्हणून रस्सा पहाटे उपासनेला निघण्यापूर्वी करून ठेवावा, आणि तसा मुरलेला रस्सा दुपारी अधिक चविष्ट लागतो. त्याच्या वाटणात भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस, धने, दगडफूल, लवंग, मिरी आणि मसाला विलायची असते. घरात जवसाचे तेल असेल तर फोडणीला तेच वापरावे; रस्सा दाट हवा असल्यास चमचाभर ज्वारीचे पीठ कोरडे भाजून, पाण्यात कालवून लावावे.

फराळाची ताटे २५ तारखेच्या दुपारनंतर शेजारी पोहोचवण्याची रीत आहे आणि ती टिकली पाहिजे. त्यासाठी अनारसे, करंज्या आणि वड्या तळण्याचे तूप व तेल मांसाहारी स्वयंपाकापासून पहिल्यापासून वेगळे ठेवावे. शाकाहारी घरी जाणाऱ्या ताटात केक ठेवू नये, आणि ठेवलाच तर त्यात अंडे आहे हे ताट हातात देतानाच स्पष्ट सांगावे. त्या ताटात केकच्या जागी दोन संत्री आणि एखादा जास्तीचा अनारसा ठेवावा.