बडोद्यात बाळंतपण: सातव्या महिन्याच्या आत काय ठरवायचं

दिवस राहिल्याचं कळलं की बडोद्यात शेजारणीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सुवावड पियरमां के अहीं?" म्हणजे बाळंतपण माहेरी की इथेच. नोकरीसाठी नव्यानं आलेली आपली जोडपी यावर हसतात आणि "बघू, अजून वेळ आहे" म्हणतात. मला ते उत्तर ऐकवत नाही. सहावा महिना संपायच्या आत हे ठरलंच पाहिजे. आणि एकदा ठरलं की जिथे तुमची फाइल आहे, जिथे तुम्हाला तपासणारी डॉक्टर आहे, तिथेच तुम्हीही असलं पाहिजे.

मी १९९१ साली लग्न होऊन अमळनेरहून इथे आले. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं बडोद्यात. त्यानंतर आमच्या सोसायटीतल्या आणि ओळखीतल्या कितीतरी मुलींबरोबर मी रात्री-अपरात्री दवाखान्यात बसले आहे. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

पहिल्या वेळी तपासण्या सगळ्या इथे झाल्या होत्या. आठवा लागल्यावर भाऊ न्यायला आला. घाईत डिंक, खारीक, नव्या साड्या सगळं आठवणीनं बांधलं आणि फाइल लोखंडी कपाटात तशीच राहिली. मुलगा झाला, सगळं व्यवस्थित पार पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमचा रक्तगट कोणता?" मला सांगता येईना. इथे तिसऱ्या महिन्यात तपासला होता एवढंच आठवत होतं. भावानं एसटीडी बूथवरून बडोद्याला शेजारच्यांकडे फोन लावला. त्यांनी यजमानांना बोलावून आणलं, त्यांनी कपाट उघडून फाइल चाळली आणि वाचून दाखवलं: ए निगेटिव्ह. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह निघालं. अशा वेळी आईला अँटी-डीचं इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यावं लागतं. नाही दिलं तर पुढच्या खेपेला आईचं रक्तच पोटातल्या बाळाच्या रक्तपेशी मारायला लागू शकतं. गावात ते इंजेक्शन नव्हतं. भाऊ रात्री जळगावला गेला, बर्फाच्या थर्मासात घालून सकाळी घेऊन आला. तिसऱ्या दिवशी ते टोचलं. माझी धाकटी मुलगी धडधाकट जन्मली ती भावाच्या त्या रात्रीमुळे, असं मी आजही मानते.

आता फोन आहेत. फाइलच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, नवऱ्याच्या आणि आईच्या फोनवर टाका. रक्तगट, सोनोग्राफीचे रिपोर्ट, साखरेची तपासणी, कशाची अॅलर्जी, सगळं त्यात हवं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यातही ते इंजेक्शन देतात, तेव्हा डॉक्टरांना आपणहून विचारा. माहेरी जायचं ठरलं असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी एकदा दाखवून या आणि मगच सामान हलवा. आठवा महिना संपत आल्यावर पहिल्यांदा नव्या दारात उभं राहणं मला पटत नाही.

आणि स्पष्ट सांगायचं तर, आई इथे येऊ शकत असेल तर बाळंतपण इथेच करा. नऊ महिने तपासलेला हात बदलत नाही, आणि बाप पहिल्या दिवसापासून बाळाजवळ राहतो. थोरल्याला माझ्या यजमानांनी अकराव्या दिवशी पाहिलं. धाकटीला सिस्टरनं दुपट्यात गुंडाळून आधी त्यांच्याच हातात ठेवलं. दोन्ही मुलं आमचीच, पण धाकटीची लंगोटी बदलताना त्यांना कधी कुणाला हाक मारावी लागली नाही. आईला मात्र तारखेच्या तीन आठवडे आधी बोलवा. दिलेली तारीख हा अंदाज असतो.

दवाखान्याबद्दल. खाजगी प्रसूतिगृहं शहरभर आहेत. निवडताना एवढं बघा की रात्री डॉक्टर किती वेळात पोचतात, रक्ताची सोय कुठून होते आणि नवजात बाळासाठी बालरोगतज्ज्ञ येतात की बाळाला दुसरीकडे हलवावं लागतं. सरकारी म्हणाल तर सयाजी हॉस्पिटल आहे, गोत्रीचं आहे, आणि मांडवीला जमनाबाई हॉस्पिटल आहे. जमनाबाई म्हणजे खंडेराव महाराजांच्या राणी. त्यांनी १८७५ साली नाशिककडच्या कवळाणे गावातलं शेतकऱ्याचं पोर दत्तक घेतलं, तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. आपल्याकडून इथे येऊन या गावाचं झालेलं ते लेकरू, म्हणून त्या दवाखान्यावरून जाताना मला नेहमी बरं वाटतं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा, औषधं, जेवण आणि ने-आण यांसह मोफत असतं. न्यायला १०८ येते, बाळबाळंतिणीला घरी सोडायला 'खिलखिलाट' नावाची गाडी असते. खाजगीत जाणार असलात तरी जवळच्या आंगणवाडीत नाव नोंदवून ममता कार्ड काढा. बाळाच्या लसींची नोंद पुढे त्यावरच होते.

थोडी गुजराती आतापासून कानावर घाला, कारण कळा सुरू झाल्यावर शब्द आठवत नाहीत. "दुखावो ऊपड्यो छे" म्हणजे कळा सुरू झाल्यात. "पाणी पडी गयुं" म्हणजे पाणमोट फुटली. "लोही पडे छे", रक्त जातंय. "बाळक फरकतुं नथी", बाळाची हालचाल जाणवत नाही. हे शेवटचं वाक्य पाठच करा. सातव्यानंतर हालचाल कमी वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. सिस्टर म्हणाली "काले रजा आपशे" तर घाबरू नका, इथे रजा म्हणजे घरी सोडणं. कमळो म्हणजे कावीळ, खेंच म्हणजे झटके, झाडा म्हणजे जुलाब, ओरी म्हणजे गोवर, रसी म्हणजे लस, धावण म्हणजे अंगावरचं दूध. हे सगळं आईलाही शिकवा. दुपारी घरात तीच एकटी असणार.

खाण्यापिण्यात आपलं आणि त्यांचं फार लांबचं नाही, नावं तेवढी वेगळी. अळीव मागितलेत तर दुकानदार बघत राहील, "असेळियो" म्हणा, लगेच पुडी बांधेल. डिंक म्हणजे गुंदर, बाळंतशेपा म्हणजे सुवा, ओवा म्हणजे अजमो, पिंपळमूळ म्हणजे गंठोडा, वेखंड म्हणजे घोडावज. आपण डिंकाचे नि मेथीचे लाडू करतो, इथे काटलुं करतात आणि त्यात बत्रीसुं घालतात, म्हणजे बत्तीस वसाणांची, औषधी मसाल्यांची, भुकटी. आमच्या समोरच्या बांनी माझ्या दुसऱ्या वेळी डबाभर काटलुं आणून दिलं. पहाटे पाचला त्यांच्या घरातून तुपात भाजलेल्या कणकेचा आणि सुंठेचा वास येत होता. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रोज सवारे एक, ने दूध साथे." असं कोणी आणलं तर घ्या, नको म्हणू नका. फक्त गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर काटलुं काय नि लाडू काय, डॉक्टरांना विचारूनच. आणि भाजी, वरण, भाकरी सोडून नुसत्या लाडवांवर बाळंतीण उभी राहत नाही.

एका बाबतीत मात्र आपल्या आणि त्यांच्या दोन्ही आज्यांना प्रेमानं थांबवावं लागतं. इथे जन्मलेल्या बाळाला गळथूथी देतात, गुळाचं पाणी किंवा मध. ज्याच्या हातची गळथूथी, त्याचे गुण बाळात येतात अशी समजूत. आपल्याकडेही मध चाटवतात, सोन्याचा वळसा देतात. मध वर्षाच्या आत बाळाला अजिबात द्यायचा नाही, त्यातून बॉटुलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो. पहिल्या तासात आईचं दूध, तो पिवळसर चीक तर हवाच, आणि पुढे सहा महिने फक्त तेच. वरचं पाणी नाही, घुटी नाही. आमच्या बांना मी म्हटलं, बा, तुम्ही बाळाला पहिल्यांदा माझ्या पदराखाली लावा, हीच तुमची गळथूथी. त्यांनी डोळे पुसले आणि बाळाला धरून नीट लावलं. थोरल्या वेळी मला जे आठ दिवस जमलं नव्हतं ते त्यांनी अर्ध्या तासात जमवून दिलं: काळा भागही बाळाच्या तोंडात जायला हवा, नुसतं टोक नाही.

आता उन्हाळा. याच्यावर मी थोडी अडून बसणार आहे. बडोद्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. आपली बाळंतिणीची खोली, दारं-खिडक्या बंद, कानटोपी, दुपटी, खाली शेगडी, ती थंडीतल्या गावची रीत. माझी धाकटी मेमधली. आईनं सवयीनं खोली बंद केली आणि मीही काही बोलले नाही. चौथ्या दिवशी बाळ तापलं, प्यायला उठेना, दुपारभरात लंगोट कोरडाच. रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी आधी टोपी काढली, मग एकावर एक घातलेली झबली काढली, वजन केलं आणि म्हणाले की पोर सुकलंय. दर दोन तासांनी पाजायला लावलं, खोलीची खिडकी उघडायला लावली. दोन दिवसांत सावरली. म्हणून उन्हाळ्यातलं बाळ असेल तर मलमलचं एक झबलं पुरे. पंखा लावा, वारा थेट बाळावर नको एवढंच. बाळाच्या छातीला आणि मानेला हात लावून बघा, तिथे घाम असेल तर कपडे जास्त झालेत. बंद खोलीत कोळशाची शेगडी कुठल्याच ऋतूत नको, त्या वायूनं माय-लेकरं झोपेतच गुदमरतात. ओव्याचा शेक तव्यावर पुरचुंडी गरम करून देता येतो.

मालिशवाली बेन मिळते, चांगली असते, पण तिला आधीच सांगा: नाका-कानात तेल नाही, बेंबीवर काही लावायचं नाही, हातपाय ओढायचे नाहीत. घोडियुं, म्हणजे इथला कापडी झोळीचा पाळणा, कोणी जवळ बसलेलं असेल तेव्हा झोके द्यायला छान. रात्रीची झोप मात्र सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर.

पहिल्या आठवड्यानंतर बाळानं दिवसात सहा तरी लंगोट ओले केले पाहिजेत. नीट पीत नसेल, मिनिटाला साठपेक्षा जास्त श्वास घेत असेल, तळवे पिवळे दिसत असतील, तीन महिन्यांच्या आत ताप आला असेल, तर घरगुती काही करत बसू नका. आणि बाळंतिणीकडेही लक्ष ठेवा. पहिले काही दिवस रडू येतं, ते निवळतं. दोन आठवडे झाले तरी रडू थांबत नाही, झोप येत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, असं असेल तर तो आळस नव्हे, हट्टही नव्हे, आजार आहे आणि त्याला औषध आहे. परक्या गावात, चौथ्या मजल्यावर, दिवसभर आपली भाषा कानावर न पडता हे जास्त होतं. नवऱ्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय.

जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखाना महानगरपालिकेला कळवतो, पण ते गेलं की नाही हे बापानं स्वतः बघायचं. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, पुढे बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. तिथे गुजरातीत आणि इंग्रजीत लिहितात, तेव्हा आडनावाचं स्पेलिंग आई-बापाच्या आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आमच्या शेजारच्या एका मुलाच्या आडनावात एक अक्षर चुकलं, पासपोर्टच्या वेळी वर्षभर खेटे घालावे लागले.

बारशाला नणंदेला येता आलं नाही म्हणून आम्ही रडवेले झालो होतो. समोरच्या बांच्या मुलीनं विचारलं, "हुं फोई थाउं?" म्हणजे मी आत्या होऊ का. चार पोरांनी रेशमी कापडाची चार टोकं धरली, मध्ये बाळ, पिंपळाचं पान, आणि तिनं कानात नाव सांगितलं. नंतर आईनं आपल्या पद्धतीनं पाळण्यात घातलं. एकाच दिवशी दोन्ही झालं.

शेवटचं एक, जे सगळ्या मुली विसरतात. सव्वा महिना झाला की आई परत जायचं म्हणते, आणि नेमक्या त्याच सुमाराला, सहा आठवड्यांच्या लसी येतात. एका दिवशी दोन-तीन टोचण्या, तोंडातून थेंब, रात्री बाळ तापतं आणि रडतं. आईचं परतीचं तिकीट त्या लसीनंतर चार दिवसांनीच काढा.