.३०८ रायफलच्या, स्वतः भरलेल्या काडतुसात गोळी वाकडी बसत असेल तर (माझा अनुभव)

रायफल तीच, पावडर तीच, तरी गट (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) मध्येच फाटायचा. भरलेलं काडतूस रनआउट गेजवर (वाकडेपणा मोजणारं साधन) फिरवलं की गोळीच्या टोकाशी काटा ०.००६ इंचापर्यंत डोलायचा. सीटिंग डाय (गोळी पुंगळीत बसवणारा साचा) बदलली, गोळ्या बदलल्या, पावडर दाणा-दाणा तोलली. फरक शून्य, नुसता वैताग.

शेवटी रिकामी पुंगळीच साइझिंगच्या (डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणण्याच्या) आधी आणि नंतर गेजवर लावली. आधी सरळ, नंतर वाकडी! फुल-लेंग्थ डाय (पूर्ण पुंगळी आवळणारा साचा) मान, म्हणजे पुंगळीचा गोळी धरणारा भाग, गरजेपेक्षा जास्त आवळत होती आणि बाहेर येताना एक्सपांडर बॉल (मान आतून रुंद करणारा गोळा) ती ओढून तिरकी करत होता.

मग भरलेल्या काडतुसाची मान मायक्रोमीटरने मोजली: ०.३३६ इंच. त्यातून ०.००२ वजा करून ०.३३४ चं बुशिंग (मान बाहेरून आवळणारी, डायमध्ये बदलता येणारी कडी) घेतलं. बुशिंग डायमधला एक्सपांडर काढला. बुशिंग वरून घट्ट आवळलं नाही, हलवल्यावर किंचित खुळखुळेल इतकं मोकळं ठेवलं. ते स्वतःच मानेवर मध्यभागी बसतं. डाय एवढीच खाली आणली की पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) ०.००२ इंच मागे जाईल.

काटा आता ०.००२ च्या आत आहे. मानेची जाडी असमान असलेल्या पुंगळ्या मात्र आधीच बाजूला काढा, एक्सपांडरशिवाय तो दोष आतल्या बाजूला जातो. आणि पुंगळी, प्रायमर किंवा गोळी बदललीत तर पावडर मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासूनच पुन्हा वाढवत न्या.