पेपर रिजेक्ट झाला? अपील असं करा

जर्नलने आपला शोधनिबंध, म्हणजे पेपर, नाकारल्याची ईमेल आली की त्या दिवशी उत्तर लिहायचं नाही. कुंदा आणा, खा, झोपा. स्टाफरूममध्ये हमखास कुणीतरी म्हणेल, 'संपादकमंडळात कोण ओळखीचं आहे का बघ, फोन लाव.' तसला फोन लावलात तर पेपर गेलाच, वर नावही खराब.

संपादकाने रिव्ह्यूअरकडे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, न पाठवताच पेपर परत केला असेल, तर अपिलात वेळ घालवू नका. दुसरं जर्नल शोधा. रिव्ह्यू होऊन नकार आला असेल, तर जर्नलच्या वेबसाइटवर अपिलाचे नियम वाचा: मुदत किती, पत्र कुणाच्या नावे. बऱ्याच जर्नलांत एका पेपरला एकच अपील मिळतं.

आता खरी मेख. रिव्ह्यूअरचं मत कुठलं आणि चूक कुठली, हे वेगळं काढायचं. मी इथेच आपटलो.

माझा पेपर बेळगाव-खानापूरकडच्या मराठीवर होता, म्हणजे आपलं 'करूलालोय' (करतोय), 'येऊलालोय' (येतोय). दुसऱ्या रिव्ह्यूअरने दोन आक्षेप घेतले. एक, यात नवं काही नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्येच मराठी-कन्नड सरमिसळीचं काम केलंय. दोन, लोकसंख्येचे आकडे 'बेलगाम'चे आणि मुलाखती 'बेळगावी'च्या, म्हणजे दोन वेगळ्या गावांची माहिती एकत्र केलीय! 2011 च्या जनगणनेत इंग्रजी नाव बेलगाम आहे, 1 नोव्हेंबर 2014 पासून ते बेळगावी झालं. गाव तेच.

दुसरा आक्षेप ही सरळ वस्तुस्थितीची चूक. तीन ओळींत, पुराव्यासह दाखवता आली असती. मी काय केलं? तीन पानं कुपवाडवर भांडलो. कुपवाड वेगळं, आमचा भाग वेगळा, रिव्ह्यूअरला सीमाभाग कळत नाही, वगैरे. बेळगावीचा मुद्दा शेवटच्या पानावर, तोही टोमणा मारून. संपादकाने दोन ओळींत निर्णय कायम ठेवला. एकुलतं एक अपील गेलं.

म्हणून बजावून सांगतो: 'नवं काही नाही', 'आमच्या वाचकांना रस नाही', 'मांडणी कच्ची आहे' ही मतं आहेत. ती चुकीची असली तरी त्यावर अपील करू नका, संपादक ती बदलायला बसलेला नाही. पेपरात असलेला तक्ता 'नाही' म्हटलं, आकडा चुकीचा वाचला, रिव्ह्यूअरचे हितसंबंध गुंतल्याचा पुरावा तुमच्या हातात आहे, यावर करा. पुरावा म्हणजे पुरावा. 'भाषेवरून हा रिव्ह्यूअर धारवाडचाच दिसतो' असले अंदाज पत्रात आले की पत्र तिथेच संपलं. आपल्याकडे असल्या विषयात माणसं मोजकी, त्यामुळे हा मोह फार होतो.

पत्र एक पानाचं. वर पेपरचा क्रमांक. मग रिव्ह्यूअरचं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली तुमच्या पेपरचं पान, ओळ आणि पुरावा. मागणी एकच: नव्या रिव्ह्यूअरकडून तपासणी. 'वीस वर्षं शिकवतोय' हे लिहू नका. शेजाऱ्याला वाचायला द्या आणि तो हसला ते वाक्य काढा.

मग थांबा. नव्या पेपरांचं काम आधी, अपिलं मागे, असं बऱ्याच ठिकाणी चालतं, महिने लागतात. निकाल येईपर्यंत तोच पेपर दुसरीकडे पाठवायचा नाही. पाठवायचाच असेल तर आधी अपील लेखी मागे घ्या.

शेवटी 'कोप'कडे (COPE) तक्रार करीन अशी धमकी काही जण देतात. 1997 मध्ये सुरू झालेली ही प्रकाशन-नीतीची समिती जर्नलने स्वतःची प्रक्रिया पाळली का, एवढंच बघते, तेही ते जर्नल सदस्य असेल तर. तुमचा पेपर छापा असं ती कुणाला सांगत नाही.

माझा पेपर पुढे दुसऱ्या जर्नलात आला. पहिल्याच पानावर तळटीप आहे: बेळगाव, बेलगाम आणि बेळगावी ही एकाच गावाची नावं.