पानगळीतला प्राजक्त आणि आपली पाणी घालायची हौस

फेब्रुवारी संपत आला की नातेवाईकांपैकी कुणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतंच. नुसत्या काड्या उरलेलं प्राजक्ताचं झाड आणि खाली "हे गेलं का रे?" मी विचारतो पाणी किती घालताय, तर उत्तर ठरलेलं, "अरे सुकायला लागलं ना, म्हणून रोज बादलीभर." तिथंच गडबड होते.

मी पण हेच केलं होतं. सांगलीला आमच्या अंगणात पहिला प्राजक्त लावला, पहिला पावसाळा मस्त वाढला, दुसऱ्या मार्चमध्ये पानं गळली आणि मी घाबरून सकाळ-संध्याकाळ पाईप धरला. मे महिन्यात बुंध्याला धरून जरा हलवलं तर अख्खं झाड हातात आलं, मुळं काळी पडलेली आणि गटारासारखा वास. काळी माती, त्यात रोजचं पाणी, आणि वर एकही पान नाही, मग ते पाणी पिणार कोण? पानं असतील तर झाड पाणी ओढतं. पानं गळून बसलेलं झाड जवळजवळ काहीच ओढत नाही, पाणी तसंच मुळाशी साचतं आणि मुळं कुजतात. प्राजक्त मुळात कोरड्या जंगलातला, डोंगरउतारावर, खडकाळ जागेत वाढणारा. उन्हाळ्यात पानं टाकून गप्प बसणं ही त्याची सवयच आहे, त्यात आपण मध्ये पडायचं नाही.

झाड जिवंत आहे का हे बघायचं असेल तर बोटभर जाडीच्या फांदीवर नखानं हलकं खरवडा. साल निघून खाली हिरवं ओलसर दिसलं की विषय संपला. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर त्याच फांदीवर जरा खाली खरवडा, बऱ्याचदा शेंडा वाळलेला असतो आणि खाली जीव असतो. नवीन पालवी कुठे एप्रिलमध्ये येते, कुठे मे संपेपर्यंत येत नाही, तेवढा धीर धरा.

पानगळीत पाणी किती म्हणाल, तर जमिनीत लावून तीन वर्षं झालेल्या झाडाला दहा-बारा दिवसांतून एक बादली पुरते, काळी माती असेल तर पंधरा दिवसांनी दिलं तरी चालतं. कुंडीतल्या झाडाला मात्र दिवस मोजू नका, बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या, नाहीतर उद्या बघा. नवी पालवी फुटली की मग पाणी वाढवायचं, आणि पाऊस लागला की झाड आपलं आपण बघतं.

आता लावायचं कसं ते. सगळ्यात आधी रोप घेताना नाव नीट सांगा. "नाईट जास्मिन" म्हणून मागवू नका, कारण त्याच नावानं रातराणीपण विकतात. मी एकदा ऑनलाईन मागवलं, फोटोत प्राजक्त होता, खोक्यात रातराणी आली. ओळखायची सोपी खूण म्हणजे पान. प्राजक्ताचं पान दोन बोटांत चोळलं की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं (पूर्वी लाकूड घासायला ही पानं वापरायचे, आणि खुरासली हे याचं जुनं मराठी नाव), आणि कोवळी फांदी गोल नसून चौकोनी असते. रातराणीचं पान गुळगुळीत. हे दोन बघितलं की फसणार नाही. फुलं आलेलं मोठं रोप घ्यायचा मोह होतो, पण पेन्सिलीएवढ्या खोडाचं, दीड-दोन फुटांचं रोप घ्या, ते जमिनीत लवकर रुळतं.

फुकटात हवं असेल तर बी आहेच. थंडीत झाडावर रुपयाच्या नाण्याएवढ्या चपट्या तपकिरी चकत्या लटकलेल्या दिसतात, तेच फळ. हातानं मोडलं की दोन भाग होतात आणि प्रत्येकात एक बी. डब्यात जपून ठेवा, जूनमध्ये रात्रभर पाण्यात भिजवून पेरा. उगवायला तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्तच, तेव्हा दहाव्या दिवशी माती उकरून बघू नका (मी बघितली आहे). बियाच्या रोपाला फुलं यायला दोन-तीन वर्षं जातात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे वीतभर तुकडेपण लावता येतात, पण हा काही जास्वंदीसारखा खोचला की फुटला असा प्रकार नाही, मी दहा लावले तर तीन-चार जगतात.

जागा. पाच-सहा तास ऊन हवंच, सावलीत झाड उंच होत जातं, पानं भरपूर आणि फुलं चार. कंपाउंडच्या भिंतीपासून चार-पाच फूट आत लावा, नाहीतर सत्यभामा-रुक्मिणीचं होईल, झाड तुमचं आणि सडा शेजाऱ्यांच्या अंगणात. आमच्या शेजारच्या काकू पहाटे पाचला परडी घेऊन उभ्याच असतात, त्यामुळे आमच्याकडे तो प्रश्न भिंतीनं सुटत नाहीच, पण ते जाऊ दे. गाडी लावायच्या जागेवर, झोपाळ्यावर किंवा दोरीवरच्या कपड्यांवर फांद्या येतील असं मात्र अजिबात लावू नका, कारण सुरवंट, ते पुढे सांगतो.

पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. निघालेली माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, आणि माती काळी चिकण असेल तर एक-दोन घमेली बारीक मुरूम किंवा जाड वाळू, असं सगळं कालवून भरा. काळ्या मातीत खड्डा सपाट भरायच्या ऐवजी अर्धा फूट उंचवटा करून त्यावर रोप लावा, म्हणजे पावसाचं पाणी बुंध्याशी थांबत नाही. माझा दुसरा प्राजक्त असाच उंचवट्यावर आहे आणि तोच टिकला. ओलं शेण घालू नका, त्यात हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) येते.

फ्लॅटवाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. ताईनं ठाण्यात चौथ्या मजल्यावर निळा ड्रम अर्धा कापून त्यात लावलाय, खाली पाच-सहा भोकं पाडून. अठरा इंची कुंडीतही चालतो पण मग दर दोन वर्षांनी पानगळीच्या शेवटी झाड काढून कडेची मुळं थोडी छाटून नवी माती भरायची. फुलं जमिनीतल्या झाडाइतकी नाही येत, पण तिच्या देवाला पुरतात असं ती म्हणते आणि संध्याकाळी सातनंतर हॉलमध्ये वास येतो तो वेगळाच.

छाटणीकडे नीट लक्ष द्या, फुलं येणार की नाही ते बरंचसं यावर आहे. प्राजक्ताला फुलं येतात ती त्या वर्षीच्या नव्या फुटीच्या टोकाकडे. म्हणजे छाटायचं ते पानं गळल्यावर आणि नवी पालवी यायच्या आधी, आपल्याकडे साधारण फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. साधारण एक तृतीयांश काढा. वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या आधी, मग उंची. मोकळं सोडलं तर हे झाड सहज दहा-पंधरा फूट जातं, पण दरवर्षी कापत राहिलं की डोक्याएवढं झुडूप राहतं आणि जितकी जास्त टोकं तितके जास्त गुच्छ. फांदीवरच्या डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) थोडं वर तिरका काप घ्या, अंगठ्यापेक्षा जाड फांदी कापली तर तिथं बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशी रोखणारा लेप) लावा.

आणि कृपा करून ऑगस्टमध्ये हात लावू नका. आमच्या मामाच्या सोसायटीत गणपतीच्या आधी आवार साफ करायचं म्हणून माळ्यानं मशीन फिरवून सगळी झुडपं एका रांगेत गोल करून टाकली, त्यात प्राजक्त पण. कळ्यांनी भरलेली टोकं कचऱ्याच्या गाडीत गेली आणि नवरात्रापर्यंत बिचारी मामी नुसती पानं बघत बसली.

खताचं फार नाही. पालवी फुटली की झाडाच्या घेराखाली दोन घमेली शेणखत किंवा गांडूळखत, आणि जुलैच्या शेवटी दोन मुठी हाडांचा चुरा. युरिया नको, झाड पानांनी गच्च होतं आणि फुलांच्या नावानं बोंब.

आता सुरवंट. प्राजक्त आहे तिथं पावसाळ्यात कधीतरी हे येणारच. केसाळ, करडे-तपकिरी, दिवसा खोडावर शेकड्यानं चिकटून एकच मोठा धब्बा होऊन बसतात, एवढे की पहिल्यांदा सालच फुगलीये असं वाटतं, आणि रात्री वर चढून पानं फस्त करतात. दिवसा एका जागी गोळा होतात हाच आपला फायदा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला रुमाल, वारा पाठीकडून येईल असं उभं राहायचं, साबणाच्या पाण्याची बादली खोडाला टेकवायची आणि लांब काठीला फडकं बांधून सगळे आत ओढायचे. झाडूनं फटके मारू नका, केस उडतात आणि मग घरभर खाज. केस लागलेच तर चोळायचं नाही, सेलोटेप चिकटवून ओढून काढा, मग साबणानं धुवा. डोळ्यात गेलं किंवा अंगावर जास्त उठलं तर सरळ डॉक्टर. रॉकेल ओतून पेटवायचे उद्योग काही जण करतात, त्यात साल भाजते आणि झाड जातं. अळ्या बारीक असताना दिसल्या तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्यानं परत. मोठ्या झालेल्या सुरवंटांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, तिथं बादलीच. पानं सगळी खाल्ली तरी घाबरू नका, हे झाड परत फुटतं.

फुलं श्रावणात सुरू होतात आणि दिवाळीच्या आसपास ओसरतात. बंगालमध्ये याला शिउली म्हणतात, दुर्गापूजेच्या दिवसांतलं त्यांचं फूल, राज्यफूलपण तेच. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यात किंतूर गावी पारिजात म्हणून एक प्रचंड झाड दाखवतात, ते मात्र गोरखचिंच आहे, त्याचं बी आणून लावलंत तर अंगण पुरणार नाही.

गोळा करायची पद्धत आईची. रात्री झोपायच्या आधी झाडाखाली जुनं सुती पातळ अंथरायचं, चार कोपऱ्यांवर दगड. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही पण प्राजक्ताला सूट आहे, तरी चिखल लागलेलं कशाला वाहायचं. सकाळी सातच्या आत उचला, ऊन चढलं की पाकळ्या काचेसारख्या पारदर्शक होऊन चिकटतात. पातळावर राहिलेली फुलं टाकून देऊ नका, पाकळ्या खुडून नुसते केशरी देठ ताटात सावलीत वाळवा. परडीभर फुलांचे देठ वाळून चिमूटभर होतात, महिनाभर साठवलेत तर लहान बरणी भरते. ते गरम पाण्यात टाकले की पाच मिनिटांत पाणी केशरी होतं, आई त्यात देव्हाऱ्यातलं पांढरं रेशमी वस्त्र बुडवते. दोन-तीन धुण्यांत रंग फिका पडतो, मग पुढच्या श्रावणात परत.